चप्पल पायातून कधी निसटली तेच कळत नाही

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, तिच्याच शब्दांत, थोडं कापून:

"ताई, नाव-गाव छापू नका. वय ३४. १४ महिन्यांपूर्वी पुण्यात वजनासाठी स्लीव्ह सर्जरी केली, पोट लहान करतात ती, वजन १०४ होतं ते आता ६७ आहे. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या पाच महिने घेतल्या मग सोडल्या, रिपोर्ट नॉर्मल होते आणि महिन्याचा खर्च झेपेना. केस फार गळायला लागले म्हणून पार्लरवालीने सांगितलेली झिंकची ५० ची गोळी आठ महिने रोज घेतेय. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. तीन महिन्यांपासून दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात, आता घोट्यापर्यंत आल्यात, तळवे जळतात. परवा मंडईत चप्पल पायातून निघून मागे राहिली, ते मला चार पावलं पुढे गेल्यावर एका बाईंनी सांगितलं. इथल्या डॉक्टरांनी शीर दबली असेल म्हणून कमरेचा एमआरआय केला, त्यात थोडंसं काहीतरी आहे म्हणे. बी कॉम्प्लेक्स आणि झोप येणारी नसांची गोळी दिली. त्यांना सर्जरीचं सांगितलं नाही, ते सासऱ्यांचे मित्र आहेत आणि घरात फक्त नवऱ्याला माहितीये. सासूबाई रोज रात्री काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळून देतात तेवढं बरं वाटतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार आहे. हा वजन उतरल्याचा अशक्तपणा असेल का?"

अगं, अशक्तपणा हा शब्द आधी बाजूला ठेव. आपल्याकडे चक्कर आली अशक्तपणा, केस गळले अशक्तपणा, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरी झोपून राहिली तरी अशक्तपणा, आणि एकदा तो शब्द उच्चारला की दोन खजूर खाऊन सगळे मोकळे. तुला जे होतंय त्याला अशक्तपणा म्हणत नाहीत. तुझ्या पायातली चप्पल गेली आणि तुला कळलं नाही, पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे वाक्य. मुंग्या कुणालाही येतात, पण पाय कुठे आहे आणि त्यात काय आहे हेच मेंदूला कळेनासं होणं ही वेगळी गोष्ट आहे, ती खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते आणि बी१२ कमी पडलं की मार बसतो तो नेमका तिथे.

आता एक काम कर, आत्ता लगेच, पण नवऱ्याला शेजारी उभं करून. दोन्ही पाय जुळवून उभी राहा आणि डोळे मीट. तोल जायला लागला, झुलायला झालं, तर लक्षात ठेव आणि डॉक्टरांना सांग. खरं तर तू हे रोज करतच असशील, बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की एक हात आपोआप बेसिनला धरला जातो का बघ, रात्री लाइट न लावता बाथरूमला जाताना भिंत चाचपडत जातेस का बघ. डोळे उघडे असताना ते पायांचं काम सांभाळून घेतात म्हणून दिवसा आपल्याला काही कळत नाही. मान खाली वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होत असेल तर तेही सांगायचं.

मी आहारतज्ज्ञ आहे, न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि नसांची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण या ऑपरेशनचे पेशंट वर्षानुवर्षं फॉलोअपला माझ्यासमोर बसतात आणि कोण काय काय सोडून देतं ते मला पाठ आहे. आणि तुझ्या पत्रात तर एक नाही, चार-पाच कारणं एकावर एक चढलीयेत.

सर्जरीपासून सुरू करू. स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, आणि जो काढतात त्यातच ॲसिड बनवणाऱ्या पेशी जास्त असतात, त्याच पेशी इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रोटीन बनवतात ज्याचा हात धरून बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला रक्तात शिरतं. दुधादह्यातलं बी१२ तिथल्या प्रोटीनला चिकटलेलं असतं, ते सोडवायला ॲसिड लागतं, तुझं ॲसिड आधीच कमी झालंय आणि वर रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेऊन उरलंसुरलंही तू बंद करतेस. (ती गोळी तुला सर्जननेच काही महिन्यांसाठी दिली असणार आणि मग कुणी बंद कर म्हणालं नाही म्हणून चालूच राहिली, हे मी दर आठवड्याला बघते. पण मनानेही बंद करू नकोस, विचारून कर.) शुगर असेल आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी१२ खाली आणतं, तू लिहिलं नाहीयेस म्हणून विचारून ठेवते.

त्यात तू शाकाहारी. यात दोष देण्यासारखं काही नाही, पण हिशोब समजून घे. माणसाच्या शरीरात, मुख्यतः लिव्हरमध्ये, बी१२ चा साठा साधारण दोन ते पाच मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे भरलेली टाकी काही वर्षं पुरते. म्हणूनच पाच महिन्यांचे तुझे रिपोर्ट नॉर्मल आले, आणि तेव्हा तर गोळ्याही चालू होत्या. पण आपल्या घरांमधून टाकी मुळात भरलेली असतेच कुठे? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ साली छापलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते, पुणे शहरातले आणि आसपासच्या खेड्यातले, त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. हे कुठलंही ऑपरेशन न झालेले लोक. तू त्या अर्ध्या टाकीवर सर्जरी करून घेतलीस आणि वरून नळ बंद केलास.

आता झिंक. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे कारण हे कुणी सांगत नाही. सर्जरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात ते बहुतेकींचे गळतात, वजन झपाट्याने उतरलं की केस एकदम विश्रांतीत जातात आणि मग परत येतात, प्रोटीन नीट घेतलं तर बहुतेकदा आपोआप. पण कुणीतरी झिंक सांगतं, आणि थोडं झिंक तुला लागतंच, पण रोज ५० मिलिग्रॅम, आठ महिने, सोबत तांबं नाही! झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी एक प्रोटीन भरपूर बनवायला लागतात, ते प्रोटीन तांब्याला घट्ट धरून ठेवतं आणि चार-पाच दिवसांनी ती पेशी झडली की तांबंही तिच्याबरोबर बाहेर, रक्तापर्यंत पोचतच नाही. आणि तांबं कमी पडलं की मज्जारज्जूला जे होतं ते बी१२ च्या कमतरतेसारखंच दिसतं, इतकं सारखं की चांगले डॉक्टरसुद्धा बी१२ देत बसतात आणि पेशंट सुधारत नाही. वजनासाठीच आतड्याला वळसा देणारं बायपास ऑपरेशन झालेल्यांमध्ये तांब्याचा प्रश्न जास्त येतो, पण तुझ्या बाबतीत तो तू स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला असू शकतो. तेव्हा झिंकची ती पट्टी आजच बाजूला काढ, पण फेकू नकोस, डॉक्टरांना दाखवायची आहे. साधारण प्रमाण असं की ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं पाहिजे, बॅरिॲट्रिक म्हणजे वजनाच्या सर्जरीसाठीच्या चांगल्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये हे जुळवलेलं असतं. आणि आता तू म्हणशील ताई मी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिते, तर पी बाई, खुशाल पी, पण त्याने हे भरून निघेल या भरवशावर राहू नकोस.

बी कॉम्प्लेक्सचं तुला खरंच हसू येईल. मेडिकलमधून मिळालेल्या त्या पट्टीच्या मागे बघ, अक्षर बारीक असतं, फोनने फोटो काढून मोठं कर. बी१२ किती लिहिलंय? साध्या बी कॉम्प्लेक्समध्ये पुष्कळदा १०-१५ मायक्रोग्रॅम असतं. इंट्रिन्सिक फॅक्टर कमी असला की तोंडाने घेतलेल्या डोसातला साधारण एक टक्का नुसता झिरपून आत जातो, म्हणजे १५ मधलं किती गेलं तूच काढ. म्हणून सर्जरी झालेल्यांना रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन सांगतात, हजारातले दहा गेले तरी दिवसाची गरज भागते. आणि हे झालं ठणठणीत माणसासाठी. नसांची लक्षणं असतील तर सुरुवात इंजेक्शनने, तीही आधी जवळजवळ रोज किंवा दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, हे डॉक्टर ठरवतील.

आणखी एक, "नसांची ताकद" म्हणून मिळणाऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम घेऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत बी६ असतं आणि ते मोठ्या डोसात महिनोन्‌महिने पोटात गेलं तर त्यानेच पायांना मुंग्या येतात. औषधच दुखणं होऊन बसतं.

झोप येणाऱ्या गोळीबद्दल: ती जळजळ कमी जाणवू देते, नस दुरुस्त करत नाही. चालू असेल तर एकदम तोडू नकोस, पण बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे ढकलू नकोस. एमआरआय कमरेचा केला तोही जरा चुकीच्या मजल्यावर शोधाशोध केल्यासारखं झालं. कमरेत शीर दबली की सहसा एका पायात, कमरेपासून खाली एका रेघेत कळ जाते. तुझं दोन्ही पायांत, बोटांपासून वर, मोजे चढवल्यासारखं आहे. आणि ३४ व्या वर्षी एमआरआयमध्ये थोडंसं काहीतरी अर्ध्या गावाच्या कमरेत निघेल. त्या डॉक्टरांवर मात्र चिडू नकोस, त्यांना तू अर्धीच गोष्ट सांगितलीस, त्यांनी अर्ध्या गोष्टीचं उत्तर दिलं.

हो, एका पायाचा चवडा उचलत नसेल, चालताना पाय फटक फटक पडत असेल तर ते निराळं. वजन पटकन उतरलं की गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून जाणाऱ्या नसेची चरबीची गादी जाते, आणि पायावर पाय टाकून बसलं की ती नस सरळ हाडावर दाबली जाते. बारीक झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पायावर पाय टाकून बसता येतं आणि मग दिवसभर तसंच बसतात, इतका आनंद असतो त्याचा! मी समजू शकते. पण तुझं वर्णन तसं वाटत नाही, तरी बसताना सांभाळ. आणि ओठांभोवती आणि हाताच्या बोटांना मुंग्या, हात वाकडे होणं, असं असेल तर कॅल्शियम बघायला लागतं.

तर करायचं काय. जिथे सर्जरी झाली तिथे उद्या सकाळी फोन, "स्लीव्ह होऊन १४ महिने झालेत आणि न्यूरॉलॉजिकल लक्षणं आहेत" हेच शब्द वापर, नुसतं मुंग्या म्हणालीस तर रिसेप्शनवाली पुढच्या महिन्याची तारीख देईल. याच आठवड्यात फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्ट दिसला पाहिजे. रक्तात सीबीसी, बी१२, फोलेट, होमोसिस्टीन, जमलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड (बी१२ कमी पडलं की हे दोन्ही वाढतात), तांबं, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रोटीन), झिंक, फेरिटिन (आयर्नचा साठा), व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, शुगरचं एचबीएवनसी आणि थायरॉइड. होमोसिस्टीन मोठ्या लॅबमध्येच दे, रक्त काढून तसंच ट्रेमध्ये पडून राहिलं तर आकडा उगाच वाढतो. बी१२ नुसतं "नॉर्मलच्या काठावर" आलं तर सुटलो असं नाही, ती होमोसिस्टीनवाली टेस्ट तेव्हाच कामाची. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी१२ चांगलं असंही नाही, नसांचं नुकसान रक्त नॉर्मल असताना होऊ शकतं. आणि महत्त्वाचं, रक्त आधी दे पण रिपोर्टची वाट बघत इंजेक्शन अडवून ठेवू नका, ते त्याच दिवशी घेता येतं, सोबत बी१ म्हणजे थायमिनही देतात बरेच डॉक्टर आणि ते बरोबरच आहे.

थायमिनचं तुला उलट्या नसल्यामुळे घाई कमी आहे, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झालं असेल तर तिच्यासाठी लिहिते. थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. माझ्याकडे एक बाई आली होती, ऑपरेशननंतर महिनाभर उलट्या, घरचे म्हणायचे पोट लहान केलंय तर होणारच. गावात तिला ग्लुकोजचं सलाईन लावत राहिले. आली तेव्हा दोन-दोन दिसत होतं, डोळे हलत होते, आणि आज वार कोणता ते सांगता येत नव्हतं. थायमिन कमी असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलेलं थायमिनही संपतं, आधी थायमिन द्यायचं असतं. याला वेर्निकेचा आजार म्हणतात, दारुड्यांचा आजार म्हणून शिकवतात हा, पण १८८१ साली वेर्निके या जर्मन डॉक्टरने जे पहिले तीन पेशंट लिहून ठेवले त्यातली एक शिवणकाम करणारी तरुण मुलगी होती, ॲसिड पिऊन तिच्या पोटाचं तोंड आवळलं होतं आणि सतत उलट्या व्हायच्या. तेव्हा उलट्या थांबत नसतील, दोन-दोन दिसत असेल, बोलणं भलतंच होत असेल तर अपॉइंटमेंट घेत बसायचं नाही, कॅज्युअल्टी गाठायची, आणि दारात पहिलं वाक्य ऑपरेशनचं. तुझ्यासाठीही हेच, शिवाय लघवी अडायला लागली किंवा पाय उचलेनासे झाले तर त्याच दिवशी.

बाळाबद्दल. आधी हे निस्तरू दे. कारण तू चान्स घेतेयस असं इथल्या डॉक्टरांना कळलं की फोलिक ॲसिड सुरू होईल, बरोबरच आहे, पण बी१२ कमी असताना एकटं फोलिक ॲसिड घेतलं की रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र खराब होत राहतात. बाळालाही बी१२ तुझ्याकडूनच जाणार आहे. साठा भरला, सर्जन आणि गायनॅक दोघंही हो म्हणाले, की मग.

खर्चाचं तू लिहिलंस ते मला पटतं. लाखांनी ऑपरेशनला घातले की महिन्याच्या गोळ्या जिवावर येतात. पण काय तोडायचं ते विचारून तोड. भारीतल्या पावडरी आणि गमीज सोडल्या तर चालेल, बी१२ चं इंजेक्शन त्यामानाने पुष्कळ स्वस्त असतं, आयर्न आणि कॅल्शियम साधेही मिळतात. तू सुरुवातीला सगळ्या गोळ्या एकदम सकाळच्या चहाबरोबर घ्यायचीस का, बहुतेकजणी घेतात म्हणून विचारते. चहा आयर्नला अडवतो, कॅल्शियमही आयर्नला अडवतं, दोघांत दोन तास तरी ठेवायचे. कॅल्शियम सायट्रेटवालं घे, एका वेळी ५००-६०० च्या वर नको. आणि उपवास! तू लिहिलं नाहीयेस पण साबुदाण्याची वाटीभर खिचडी तुझ्या एवढ्याशा पोटात गेली की त्या दिवशी दुसरं काही मावत नाही, आणि साबुदाण्यात स्टार्चशिवाय काय आहे. संकष्टीला दही, ताक, पनीर, दाणे यावर काढ.

आता लपवण्याचं. सासूबाईंना सांगायचं की नाही हा तुझा आणि नवऱ्याचा प्रश्न, मी त्यात पडणार नाही, बाईने बारीक होण्यासाठी ऑपरेशन केलं यावर घराघरात काय बोलतात ते मी पुष्कळ ऐकलंय. पण जो कुणी तुला औषध लिहून देतो त्याला माहीत असायलाच हवं, दातांच्या डॉक्टरलासुद्धा. इथल्या डॉक्टरांना भेटून स्पष्ट म्हण की हे घरात कळू द्यायचं नाहीये, पेशंटचं गुपित राखणं त्यांना बंधनकारक आहे. तेवढाही भरवसा वाटत नसेल तर त्यांच्याकडे जाऊच नकोस, दुसऱ्या गावात जा. डिस्चार्ज कार्डचा फोटो फोनमध्ये ठेव, नवऱ्याच्याही.

बरं होतं का, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणार. तीन महिन्यांचंच आहे, लवकर पकडलं तर पुष्कळ भरून येतं, पण नसा हळू भरतात, सहा महिने, वर्ष. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काहींना सुरुवातीला मुंग्या वाढल्यासारख्या वाटतात, तेव्हा घाबरून थांबू नकोस, डॉक्टरांना फोन कर. तोपर्यंत पायातून निसटणाऱ्या चपला नकोत, मागे पट्टा असलेली सँडल घाल, रात्री बाथरूमचा लाइट चालू ठेव, आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसायचं असेल तर पाणी आधी कोपराने बघ, पायाला चटका कळणार नाही.

काशाची वाटी चालू राहू दे. सासूबाईंना फक्त एवढं सांग की चोळताना तळव्याला कुठे चीर, फोड, लागलेलं दिसतंय का ते रोज बघा, तुला ते जाणवणार नाही आणि त्यांना दिसेल. रिपोर्ट आले की मला आकडे युनिटसकट पाठव, बी१२ कुठे पिकोग्रॅममध्ये देतात कुठे पिकोमोलमध्ये.